गाडी कुण्या गावची

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, उदगीरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. तूर-हरभऱ्याच्या हंगामात उजाडायच्या आत आडतीपुढं गाड्या लागायच्या. गाडी थांबली की नाना आधी मालाचं विचारत नसत, भावाचं तर नाहीच. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘‘गाडी कुण्या गावची?’’ देवणी, जळकोट, मुखेड, सीमेपलीकडची औराद नाहीतर कमलनगर. गावाचं नाव वहीत पडलं की मगच हमाल कट्ट्याला, म्हणजे मालाच्या पोत्याला, हात लावायचे.

हमाली, तोलाई, पट्टी हा हिशेब शेतकऱ्याच्या नावानं चालायचा. पण दिवाळीच्या आधी नाना एक वेगळा कागद घेऊन बसायचे. त्यावर माणसांची नावं नसत, फक्त गावं असत. कुण्या गावाहून यंदा किती कट्टे, गेल्या साली किती. एका वर्षी एकूण आवक चांगली वाढली होती आणि आडतीचे मालक खुशीत होते. नाना कागद पुढं सरकवून म्हणाले, ‘‘आवक वाढली खरं, पण मुखेडकडच्या गाड्या निम्म्यावर आल्यात. तिकडं काय झालंय ते बघाया पायजे.’’ चौकशी केली तर रस्त्यातला पूल खचला होता आणि त्या बाजूचे शेतकरी जवळच्या दुसऱ्या बाजारात माल घालायला लागले होते. एकूण आकड्यात हे कुठंच दिसत नव्हतं.

मी गेली काही वर्षं एका सार्वजनिक वाचनालयाचं काम बघते. वाचनालयाची वेबसाइटही माझ्याकडेच आहे. तिच्यावर उदगीरच्या किल्ल्याची माहिती आहे, १७६० च्या उदगीरच्या लढाईवर एक मोठा लेख आहे, मुक्तिसंग्रामाच्या काळातल्या सीमाभागातल्या आठवणी आम्ही जुन्या लोकांकडून लिहून घेतल्या त्या आहेत, आणि पुस्तकांची यादी आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत वेबसाइटबद्दल एकच ओळ वाचली जायची, या तिमाहीत इतके हिट्स. वेबसाइट बनवून देणारा ठेकेदार तो आकडा पाठवायचा, आम्ही तो इतिवृत्तात लिहायचो आणि पुढच्या विषयाकडं वळायचो. एकदा मी तो आकडा कौतुकानं नानांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘‘आकडा काय बघायलीस? गावं बघ की.’’

त्या दिवसापासून मी गावं बघायला लागले, आणि त्यातून जे मत बनलं ते इथं मांडते आहे. मराठवाड्यात आज ग्रामपंचायतीपासून विद्यापीठापर्यंत, शेतकरी कंपनीपासून जिल्हा कार्यालयापर्यंत सगळ्यांच्या वेबसाइटी आहेत. त्या काढायला पैसा लागतो, त्यांचं उद्घाटन होतं, तळाशी आकडा फिरत राहतो. तिथं येणारा माणूस कोणत्या वाटेनं आला, हे मात्र कुणी विचारत नाही. जी वेबसाइट लोकांच्या पैशानं चालते, तिनं हा प्रश्न दर महिन्याला विचारला पाहिजे आणि त्याचं उत्तर लोकांपुढं ठेवलं पाहिजे. तो विचारताना गावापाशी थांबलं पाहिजे. माणसाच्या उंबऱ्यापर्यंत जाण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आधी त्या हिट्सचं सांगते, कारण निम्मा घोटाळा तिथंच आहे. एक पान उघडलं की सर्व्हरकडं, म्हणजे वेबसाइट ज्या संगणकावर ठेवलेली असते त्याच्याकडं, एकच मागणी जात नाही. पानावरचा प्रत्येक फोटो, मांडणीची फाईल, अक्षरांचा फॉन्ट, सगळ्यांची मागणी वेगवेगळी जाते आणि प्रत्येक मागणी हा एक हिट असतो. किल्ल्याच्या पानावर आमचे वीस-बावीस फोटो आहेत. म्हणजे एका माणसानं एकदा ते पान बघितलं की आमच्या खात्यात वीसच्या वर हिट्स. त्यात गूगलपासून एआय कंपन्यांपर्यंत सगळ्यांची यंत्रं पानं चाळत फिरत असतात, त्यांच्या मागण्याही याच आकड्यात पडतात. असा आकडा इतिवृत्तात लिहिणं म्हणजे गाडीबरोबर आलेली माणसं, बैलं आणि रिकामी पोती मोजून त्याला आवक म्हणणं.

खरी वही सर्व्हरवरच असते. तिला लॉग म्हणतात. प्रत्येक मागणीची तिथं एक ओळ पडते. मी पहिल्यांदा ती उघडली तेव्हा घाबरून बंद केली होती, मग एकेक ओळ बोटानं वाचायला शिकले. आधी मागणी करणाऱ्या यंत्राचा पत्ता, मग तारीख आणि वेळ, मग कोणतं पान मागितलं ते, मग सर्व्हरनं दिलेलं उत्तर. पान मिळालं तर २००, नाही सापडलं तर ४०४. त्यानंतर किती माहिती पाठवली त्याचं वजन. आणि त्यापुढं अवतरण चिन्हात असतं ते आपल्या कामाचं, म्हणजे ज्या लिंकवर बोट ठेवून माणूस इथं आला त्या लिंकचा पत्ता. याला रेफरर म्हणतात. ब्राउझर, म्हणजे आपण वेबसाइट ज्यात उघडतो ते क्रोमसारखं साधन, तो आपणहून सांगतो. १९९६ मध्ये वेबचे नियम पहिल्यांदा दस्तऐवजात छापले गेले तेव्हापासून ही सोय आहे, आणि तेव्हा त्या इंग्रजी शब्दात एक ‘आर’ कमी पडला तो आजही तसाच चालतो.

पत्ता सांगितलेला नसेल तर त्या जागी एक आडवी रेघ असते. आमच्या वहीत सगळ्यात जास्त काय होतं, तर ती आडवी रेघ.

वेबसाइटवरची ये-जा मोजणाऱ्या गूगल अॅनॅलिटिक्ससारख्या साधनांत या रेघेला ‘डायरेक्ट’ असं नाव दिलेलं असतं. नावावरून वाटतं की लोकांना आपला पत्ता पाठ आहे, ते थेट टाइप करून येतात. मोठ्या संस्थांचे लोकही हा समज बाळगून असतात आणि ‘आमचा डायरेक्ट वाचक वाढला’ असं अभिमानानं सांगतात. खरं तर त्या रकान्याचा अर्थ एवढाच, की कुठून आले ते कळलं नाही. व्हॉट्सअॅपवर आलेली लिंक मोबाइलवर दाबली की बहुतेक वेळा मागचा पत्ता येत नाही. एसएमएसमधून आलं, पीडीएफमधून आलं, भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून आलं, तरी रेघच. आपल्याकडं जगणं व्हॉट्सअॅपवर चालतं. गावचा गट, भावकीचा गट, शाळेचा, बचत गटाचा, ऊसतोडीला गेलेल्यांचा. मराठवाड्यातल्या वेबसाइटला सगळ्यात मोठी आवक जिथून होते, तीच वाट वहीत दिसत नाही. २०१२ साली एका अमेरिकन पत्रकारानं अशा न दिसणाऱ्या वाटेला ‘डार्क सोशल’ असं नाव दिलं होतं. आपल्याकडं ती वाट मुळीच अंधारी नाही, तिथं भरदिवसा गर्दी आहे, फक्त नाक्यावर नोंद करायला कुणी बसलेलं नाही.

काही रेघा आपल्याच हलगर्जीपणानं पडतात. आमची वेबसाइट बराच काळ पत्त्याशेजारच्या कुलपाच्या खुणेशिवाय, म्हणजे सुरक्षित जोडणीशिवाय, चालत होती. सुरक्षित पानावरून असुरक्षित पानावर येताना ब्राउझर मागचा पत्ता मुद्दाम गाळतो. म्हणजे बाहेरच्या कितीतरी चांगल्या ठिकाणांहून लोक येत होते आणि आमच्याकडं बिननावाचे पोचत होते. कुलपाचं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून फुकट देते. ठेकेदारानं ते आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. ते बसवल्यावर पंधरा दिवसांत वहीत नवी गावं दिसायला लागली.

त्यातलं एक गाव होतं मराठी विकिपीडिया. कुणीतरी, कधीतरी, आमच्या लढाईच्या लेखाची लिंक तिथं संदर्भ म्हणून दिली होती. विकिपीडिया आपलं फक्त नाव सांगतो, नेमक्या कोणत्या पानावरून माणूस आला ते सांगत नाही, म्हणून मला ते शोधावं लागलं. तिथून येणारी माणसं रोज थोडीच, पण रोज. फेसबुकची गोष्ट उलटी होती. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी कुणी आमच्या आठवणींचं पान तिथं टाकलं की दुपारपर्यंत गर्दी उसळायची आणि १९ तारखेला सामसूम. बैठकीत १७ सप्टेंबरच्या आकड्याचं कौतुक व्हायचं. वर्षाचा कागद मांडला तेव्हा दिसलं की विकिपीडियावरून आलेली माणसं लेख शेवटपर्यंत वाचत होती, तिथून दुसऱ्या पानांवर जात होती, आणि त्यांच्यातलेच काही जण पुढं पुस्तकांच्या यादीपर्यंत पोचत होते. आम्ही मात्र सगळी शक्ती फेसबुकच्या पोस्टवर लावत होतो. तो कागद बघितल्यावर मी लेखातल्या तारखा तपासून घेतल्या, संदर्भ नीट दिले, किल्ल्याचे फोटो मोकळ्या परवान्यानं उपलब्ध केले. हा निर्णय नुसत्या एकूण आकड्यावरून कधीच झाला नसता.

गूगलवरून येणाऱ्यांची वाट अर्धी उघडी, अर्धी झाकलेली आहे. पूर्वी माणूस काय शोधत आला ते शब्दही वहीत यायचे. २०११ पासून गूगलनं शोध कुलूपबंद करायला सुरुवात केली आणि ते शब्द दिसेनासे झाले. खासगीपणाच्या दृष्टीनं ते बरंच झालं, असं मला वाटतं. पण सर्च कन्सोल नावाचं गूगलचंच एक फुकट साधन आहे. त्यात आपल्या वेबसाइटपुरते शोधाचे शब्द, आपलं पान किती वेळा दिसलं आणि किती वेळा दाबलं गेलं, आणि बाहेर कुणीकुणी आपली लिंक दिली आहे त्याची यादी, हे सगळं मिळतं. सोळा महिन्यांपर्यंत मागचं बघता येतं. वेबसाइट आपलीच आहे एवढं एकदा सिद्ध करावं लागतं, बस. माझ्या ओळखीच्या सात-आठ संस्थांपैकी एकीनंही ते केलेलं नव्हतं.

आम्ही केलं तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या, आणि दोन्ही खास आपल्या भागाच्या आहेत. पहिली अशी की आपली माणसं मराठीच शोधतात पण रोमन अक्षरांत लिहून. ‘किल्ला माहिती’ हे शब्द मराठी, लिपी इंग्रजी. आमच्या पानांवर रोमन लिपीत एक अक्षर नव्हतं. दुसरी गोष्ट नावांची. औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी बदलली. जुने दाखले, जुनी पुस्तकं, परगावी राहणारे नातेवाईक यांच्या तोंडी जुनं नाव आहे. निजामाच्या काळातली कागदपत्रं शोधणारा अभ्यासक जुन्याच नावानं शोधणार. नाव कोणतं असावं हा वाद मला इथं आणायचा नाही. पण ज्या कार्यालयांनी पानांवरचं जुनं नाव सरसकट पुसून टाकलं, त्यांनी त्या नावानं येणाऱ्या माणसाची वाटच बंद केली. ‘पूर्वीचं औरंगाबाद’ एवढे दोन शब्द पानावर ठेवले तरी वाट उघडी राहते. ही चूक लक्षात यायला शोधाचे शब्द बघावे लागतात, आणि तेच बघितले जात नाहीत.

वाचनालयाचं एक वेळ जाऊ द्या, आमची चूक झाली तर एखादा वाचक कमी होईल. सरकारी वेबसाइटीचं तसं नाही. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मराठवाड्यातल्या जिल्ह्यांच्या वेबसाइटींवर जुन्या नोंदींच्या प्रती चढवल्या गेल्या. मोडीतल्या, उर्दूतल्या, गावनिहाय फाइली. हजारो घरांना त्या बघायच्या होत्या. आमच्या वाचनालयात माणसं मोबाइल घेऊन यायची आणि म्हणायची, ‘‘ताई, ही लिंक उघडंना.’’ बघितलं तर लिंक गटागटांतून फिरून आलेली, कधी शेवटचं अक्षर तुटलेली, कधी पान हलवल्यामुळं मेलेली. सर्व्हरच्या वहीत या प्रत्येक अपयशाची ४०४ अशी ओळ पडली असणार. कुणी ती वाचली असती, तर कोणत्या तुटक्या पत्त्यावर लोक आदळतायत ते दुसऱ्या दिवशी कळलं असतं आणि त्या जुन्या पत्त्यावरून नव्या पानावर वाट काढून देता आली असती. तासाभराचं काम आहे ते. त्या तासाअभावी माणसं तालुक्याला खेपा घालत राहिली.

२०२५ च्या सप्टेंबरात पाऊस झाला तेव्हाचंही आठवतं. मांजरा, सीना, गोदावरी, सगळ्या काठांवर पाणी. जायकवाडीतून किती पाणी सोडलं हे काठच्या प्रत्येक माणसाला हवं होतं. व्हॉट्सअॅपवर काय फिरत होतं, तर तक्त्याचे फोटो. त्यावर तारीख असली तर वेळ नाही, वेळ असली तर वर्ष नाही. फोटो फिरतो तेव्हा वहीत रेघसुद्धा पडत नाही, कारण कुणी मूळ पानावर येतच नाही. ज्या पानावर ताजा आकडा असतो त्याची छोटी, लक्षात राहणारी लिंक असती, आणि तीच सरपंच, पोलीस पाटील, आशाताई यांच्या गटांत वेगवेगळी खूण लावून दिली असती, तर कोणत्या तालुक्यात ती पोचली आणि कोणत्या तालुक्यात नाही हे प्रशासनाला तासातासाला कळलं असतं. जिथं नाही पोचली तिथं दवंडी द्यायची, माणूस पाठवायचा. वाट ओळखण्याचा इतका थेट उपयोग दुसरा मला तरी दिसत नाही.

या खुणेबद्दल थोडं सांगते, कारण लोक समजतात की त्याला मोठं यंत्र लागतं. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून आपल्याला हवा तो शब्द जोडायचा, एवढंच. यूटीएम, म्हणजे अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल, या नावानं ही रीत ओळखली जाते. ‘अर्चिन’ नावाच्या कंपनीची ती पद्धत, २००५ मध्ये गूगलनं ती कंपनी घेतली आणि त्यातून अॅनॅलिटिक्स उभं राहिलं. आम्ही एकच पान तीन क्यूआर कोडांनी लावलं. एक एसटी स्टँडवर, एक किल्ल्याच्या दाराशी, एक वाचनालयाच्या वर्गणीच्या पावतीवर. प्रत्येकाच्या लिंकला वेगळी खूण. आम्हाला वाटलं होतं किल्ल्याचा कोड सगळ्यात जास्त चालेल. तो जवळपास चाललाच नाही. जाऊन बघितलं तर त्या जाड भिंतींपाशी मोबाइलला रेंजच मिळत नव्हती. एसटी स्टँडवरचा कोड मात्र रोज स्कॅन व्हायचा, कारण तिथं माणूस गाडीची वाट बघत बसलेला असतो आणि त्याच्याकडं वेळ असतो. पुढच्या वेळी किल्ल्याचा कोड आम्ही जरा अलीकडं, चहाच्या टपरीजवळ हलवला.

खोट्या वेबसाइटींचंही एक बोलायला हवं. सरकारी योजनेच्या नावानं हुबेहूब पान काढून आधार आणि बँकेचा नंबर मागणारे लोक आता गावोगाव माहीत झालेत. असं पान बनवणारा बरेचदा खऱ्या वेबसाइटवरचं बोधचिन्ह, फोटो तिथूनच थेट उचलून दाखवतो. मग होतं असं, की खोटं पान जेव्हा जेव्हा उघडतं तेव्हा ते चित्र खऱ्या सर्व्हरकडं मागितलं जातं आणि मागणीसोबत खोट्या पानाचा पत्ता खऱ्या वहीत येऊन पडतो. चोराचा पत्ता आपल्याच दप्तरात लिहिलेला असतो. पहिली तक्रार यायच्या आधी तो सापडू शकतो, दप्तर उघडणारा असेल तर. अर्थात या वहीत खोट्या नोंदीही घुसवल्या जातात. २०१४-१५ च्या सुमारास जाहिरातीसाठी बनावट रेफरर पाठवण्याची साथच आली होती. अनोळखी पत्ता दिसला की तो लगेच उघडायचा नाही, एवढं भान वाचणाऱ्याला हवं.

आता दुसरी बाजू. कुठून आलात हे विचारणं आणि कोण आहात हे विचारणं, यांच्यातली रेषा पुसट आहे, आणि ती ओलांडली गेल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेच्या आरोग्य विम्याच्या सरकारी वेबसाइटवर, हेल्थकेअर डॉट गव्हवर, २०१५ च्या जानेवारीत असं आढळलं की अर्जात भरलेलं वय, उत्पन्न, तंबाखूचं व्यसन, गर्भारपण अशी माहिती पानाच्या पत्त्यातच लिहिली जात होती, आणि रेफररमधून ती जाहिरात कंपन्यांच्या सर्व्हरपर्यंत जात होती. कुणी चोरी केली नव्हती, ब्राउझर आपलं नेहमीचं काम करत होता. नंतर ब्राउझरांनी रीत बदलली. क्रोमनं २०२० मध्ये आणि फायरफॉक्सनं २०२१ मध्ये ठरवलं की दुसऱ्या वेबसाइटला फक्त मूळ ठिकाणाचं नाव द्यायचं, पूर्ण पत्ता नाही. काही जण यावर नाराज झाले. मला हा बदल योग्य वाटतो. गाव कळलं, घर नंबर कशाला हवा?

आपल्या कार्यालयांच्या वेबसाइटींवर बाहेरच्या कंपन्यांची मोजणीची साधनं सर्रास बसवलेली असतात. कुणी आजाराच्या योजनेचं पान बघितलं, कुणी जातीच्या दाखल्याचं बघितलं, ही खबर तिसऱ्याकडं जायचं काहीच कारण नाही. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आता आपल्याकडं आहे, पण कायद्याची भीती घालण्याआधी साधी गोष्ट बघावी. वाटांचा हिशेब सर्व्हरच्या स्वतःच्या वहीतून निघतो. मॅटोमोसारखं मोजणीचं मुक्त साधन स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं. यंत्राच्या पत्त्याचे शेवटचे आकडे खोडून ठेवता येतात, महिन्याची बेरीज झाली की मूळ ओळी पुसून टाकता येतात. नानांच्या दिवाळीच्या कागदावर कुण्या शेतकऱ्यानं उचल किती घेतली ते नसायचं. त्या कागदाचं काम त्याच्याशिवाय चालायचं, उलट म्हणूनच तो कागद चारचौघांत मांडता यायचा.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो, आणि तो लेचापेचा नाही. वाटा बघायला लागलं की माणूस वाटेचा गुलाम होतो. गूगलवरून लोक येतात म्हटलं की गूगलला आवडेल ते लिहायचं. आपल्या भागातल्या कित्येक छोट्या बातमीदारांचं असं झालेलं मी बघितलं आहे. तालुक्याच्या पाणीटंचाईची बातमी सोडून सोन्याचा भाव आणि नटीचं लग्न, कारण मोबाइलच्या पडद्यावर तेच वर येतं. पण यात दोष वाट बघण्याचा नाही. त्यांनी एकच वाट बघितली आणि तिच्यावरच घर बांधलं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं जाहीर केलं की आता मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट आधी दिसतील, बातम्यांची पानं मागं पडतील. ज्यांची सगळी आवक तिथूनच होती त्यांना त्यात कुणी विचारलं नव्हतं. एकाच व्यापाऱ्याला सगळा माल घालणाऱ्याचं काय होतं ते मोंढ्यातल्या पोरालाही सांगता येईल. वाटांचा कागद दर महिन्याला समोर असला तर एक वाट फार मोठी व्हायला लागली आहे हे वेळीच दिसतं, आणि दुसऱ्या वाटा जपता येतात. शाळेच्या वेबसाइटवर लिंक, शेजारच्या वाचनालयाशी देवाणघेवाण, बिदरकडच्या इतिहासप्रेमींशी ओळख.

आणि हे आता जास्त निकडीचं झालंय. २०२४ पासून गूगल भारतातही शोधाच्या माथ्यावर एआयनं रचलेलं उत्तर दाखवतं. उदगीरची लढाई कधी झाली, हे माणसाला तिथंच कळतं आणि तो कुणाच्याही पानावर न येता निघून जातो. सर्च कन्सोलच्या दोन रकान्यांत हे उघड दिसतं, पान दिसल्याचा आकडा तेवढाच आणि दाबल्याचा उतरलेला. ज्यांच्या मेहनतीवर ते उत्तर उभं आहे त्यांच्या आडतीवर गाडीच येत नाही. एआयच्या गप्पांतून लिंक दाबून येणारे काही थोडे लोकही वहीत नावानिशी दिसायला लागले आहेत. या बदलाशी कसं वागायचं याचं पक्कं उत्तर माझ्याकडं नाही. पण जो नुसते हिट्स मोजतो त्याला बदल झालाय हेच कळणार नाही. उलट एआय कंपन्यांच्या यंत्रांच्या चकरा वाढल्यानं त्याचा आकडा फुगलेला दिसेल.

सरकारी कार्यालयांनी हे का करावं, याला कायद्याचा आधारही आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सांगतं की कार्यालयांनी माहिती आपणहून जाहीर करायची. त्याच्याच चौथ्या पोटकलमात असं आहे, की माहितीचा प्रसार करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात संपर्काची सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्यायची. आपल्या तालुक्यात सर्वांत परिणामकारक पद्धत कोणती? हे ठरवायचं कशावरून? लोक कोणत्या वाटेनं येतात हेच ज्याला माहीत नाही, त्यानं या पोटकलमाचं पालन केलं असं कसं म्हणायचं?

म्हणून मी एका कार्यालयाकडं अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारलं, की अमुक योजनेच्या पानावर गेल्या सहा महिन्यांत लोक कोणकोणत्या स्रोतांवरून आले त्याची महिनावार बेरीज द्यावी, कुणा व्यक्तीची माहिती नको. उत्तर मुदतीत आलं. एकूण भेटींचा आकडा दिला होता, आणि पुढं लिहिलं होतं, ‘सदर माहिती या कार्यालयात संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ मी अपिलात गेले नाही. कोरा तक्ता आखून साध्या पत्रासोबत पाठवला, की पुढच्या महिन्यापासून एवढा भरून कलम ४ च्या पानावर लावावा. डाव्या रकान्यात शोध, विकिपीडिया, फेसबुक, इतर सरकारी वेबसाइटी, खूण लावलेल्या व्हॉट्सअॅप लिंका तालुकानिहाय, आणि सगळ्यात खाली ‘कळले नाही’. मथळ्याच्या जागी आधी सवयीनं ‘गाव’ लिहिलं गेलं होतं. ते खोडून ‘स्रोत’ केलं आणि पोच घेऊन आले.